सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

वर्धा हे वाटेत लागणारे गाव आहे, मुद्दाम जाण्याचे नव्हे, असे मुंबई-पुण्याकडच्या मंडळींना उगीचच वाटत आले आहे. नागपूरला निघालेला माणूस रात्री गाडीत झोपतो. पहाटे केव्हा तरी "वर्धा, वर्धा" अशी हाक अर्धवट कानावर येते, तो कूस बदलतो आणि पुन्हा डोळे मिटतो. जो कोणी उतरतो तो बहुधा बापूंची कुटी पाहायला. कुटी पाहावी, अंगणातल्या झाडाखाली दोन घटका टेकावे, एखादा खादीचा पंचा घ्यावा आणि संध्याकाळची गाडी गाठावी, असा हा ठरलेला कार्यक्रम.

त्या कुटीची वर्णने आजवर पुष्कळ झाली आहेत. मी सांगणार आहे ती गोष्ट आहे ऐंशी वर्षांहून अधिक काळापूर्वी तिथे आलेल्या एका पाहुण्याची, आणि आपल्या घराघरांतून रोज उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याची. ते वाक्य म्हणजे, "माझा देवावर विश्वास नाही."

वाक्य साधे दिसते खरे, पण त्याच्या पोटात दोन निरनिराळी वाक्ये दडलेली आहेत. समजा, आपण चाळीत खालच्या मजल्यावर राहता आणि कोणी विचारले, "वरच्या खोलीत कोण राहते हो?" आपण म्हणाल, "कोणी राहते असे काही मला वाटले नाही बुवा. कधी पायरव ऐकला नाही, दिवा पाहिला नाही." हे झाले एक उत्तर. शेजारचा गृहस्थ म्हणतो, "वरची खोली रिकामी आहे. कोणीही राहत नाही. मी सांगतो ना!" हे झाले दुसरे. पहिल्याने काहीच ठासून सांगितलेले नाही, त्याच्याजवळ वरच्या बिऱ्हाडाची पाटी नुसती कोरी आहे. दुसऱ्याने त्या पाटीवर 'नाही' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि लिहिले म्हटल्यावर खोली उघडून दाखवण्याची जबाबदारीही त्याने अंगावर घेतली आहे. विश्वास नसणे निराळे आणि 'नाही' असा विश्वास असणे निराळे. पण बोलताना दोघेही म्हणतात तेच, "विश्वास नाही." आणि ऐकणारा आपल्याला झोंबेल तो अर्थ घेऊन मोकळा होतो.

आपल्या जुन्या पंडितांना हा भेद चांगला ठाऊक होता. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका उघडावी. प्रकृती, पुरुष, बुद्धी, अहंकार असा सगळा हिशेब तिथे मांडला आहे, पण त्या हिशेबात ईश्वराचे खातेच नाही. वाद न घालता त्याच्यावाचून काम भागवले आहे. उलट कुमारिल भट्टासारखा मीमांसक जगाचा कोणी कर्ता आहे ही कल्पना तर्काने खोडून काढायला बसतो. गंमत अशी की तरीही तो आस्तिकच, कारण त्या काळी आस्तिक-नास्तिक ठरवण्याचे माप देव नव्हे, वेद हे होते. म्हणजे देव नाकारूनही माणूस आस्तिकांच्या पंगतीला बसू शकत होता! आज त्या पंगतीत त्याला पाटही कोणी मांडणार नाही.

हे सारे पांडित्य आठवायला कारण झाले आमच्या भाऊजींच्या घरातले. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, अंगावर खादी, पहाटे उठून देवपूजा. त्यांच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न ठरले. मुलगा चांगला, माणसे चांगली. आणि याद्या करण्याच्या दिवशीच ही मुलगी म्हणाली, "होमापुढे देवांना बोलावणारे जे मंत्र असतात ते माझ्या तोंडून वदवू नका. माझा विश्वास नाही." झाले! त्या दिवसापासून बापलेकींत अबोला. घरात बोलत होती ती फक्त भांडी. अखेर बहिणीने मला फोन केला, "यांना दोघांना घेऊन कुठे तरी जा बाबा चार दिवस. माझ्याने नाही बघवत."

भाऊजींनी सेवाग्राम सुचवले. देव मानणारा माणूस केवढा मोठा होतो, हे लेकीने डोळ्यांनी पाहावे असा त्यांचा हेतू. मी मान डोलावली. त्याच अंगणातल्या त्या नास्तिक पाहुण्याची गोष्ट मला ठाऊक होती; पण ती मी गाडीत सांगितली नाही.

वर्ध्यात आधी लक्ष्मीनारायणाच्या मंदिरात गेलो. हे मंदिर जमनालाल बजाजांच्या घराण्याचे. १९२८ च्या जुलैत जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले केले. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह उभा राहिला तो १९३० साली; त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. भाऊजींनी दर्शन घेतले, तीर्थ घेतले. भाची सभामंडपात उभी राहिली. "देव मानणाऱ्यानेच हे दार उघडले, बरं का," भाऊजी माझ्याकडे पाहून म्हणाले. सांगायचे होते अर्थात तिला. तीही माझ्याकडेच पाहून म्हणाली, "आणि इतकी वर्षं ते बंद कोणी ठेवलं होतं, मामा?" मी चपला शोधू लागलो.

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटरांच्या आसपास. ऑटोवाला बोलका निघाला. आमच्यातला ताण त्याने ओळखला असावा, कारण विषयही त्यानेच काढला.

"दर्शन झालं का जी मंदिराचं?"

मी म्हटले, "झालं. तुम्ही जाता का?"

"कधी जातो, कधी नाही जात. पाऊस बरा झाला तं देव हाये म्हणतो, नाही झाला तं काहीच म्हणत नाही. इचार कराले टाइम कुठं हाये, भाऊ, आमाले?"

भाची खुदकन हसली. भाऊजीही हसले असावेत, कारण त्यांनी तोंड बाहेर वळवले. मला मात्र वाटले, आपण मघाशी म्हटलेली कोरी पाटी ती हीच. हा माणूस देव मानत नाही असे नाही, अमान्य करतो असेही नाही. बहुसंख्य माणसे, खरे बोलायचे तर, बहुतेक दिवस अशीच असतात.

गांधीजी इथे राहायला आले १९३६ साली. तेव्हा गावाचे नाव होते शेगाव. १९४० साली ते सेवाग्राम झाले. आदि निवास, बापूकुटी, आखरी निवास अशी मातीची, बांबूची, कौलारू घरे. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबहनने मातीतच उठवलेला चरखा, ताडाची झाडे आणि ॐकार अजून आहेत. साप मारू नये, पकडून लांब सोडावा म्हणून केलेला पिंजराही जपून ठेवला आहे. सामान इतके थोडे, की बरोबरच्या एका मुलाने आपल्या आईला मोठ्याने विचारले, "इथलं बाकीचं फर्निचर कुठे गेलं?"

थोडे बाजूला परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान, पण महारोगाने गाठलेले. ज्या काळी अशा माणसाची सावलीही लोक टाळत, त्या काळी गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. भाऊजी त्या कुटीपुढे बराच वेळ उभे होते. भाचीही उभी होती. प्रथमच ती दोघे एकाच गोष्टीकडे पाहत होती.

संध्याकाळी मोकळ्या मैदानात प्रार्थना झाली. ना मूर्ती, ना समई, ना घंटा. जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवर माणसे बसतात. आधी थोडे मौन, मग ईशोपनिषदातले वचन, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे, कुराणातली, पारशी धर्मातली प्रार्थना, एकादश व्रते, आणि यांच्या सोबतीला जपानी बौद्धांचा मंत्रही. भाऊजींना सारे पाठ. भाची मांडी घालून शांत बसली होती, ओठ मिटलेले. बुद्धाने जगाचा कर्ता म्हणून कोणाला प्रार्थिले नाही, तरी त्याच्या पंथाचा मंत्र या प्रार्थनेत बसला आहे, हे माझ्या मनात आले आणि मी ठरवले, आता गोष्ट सांगावी.

अंधार पडल्यावर बाकावर बसून ती सांगितली. तीच आता वाचकांना सांगतो.

गोपराजू रामचंद्र राव, ऊर्फ गोरा, यांचा जन्म १९०२ सालचा. तेलुगू ब्राह्मण, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक विचार उघड मांडतात म्हणून काकिनाड्याच्या कॉलेजातली नोकरी १९३३ साली गेली. १९४० साली कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र काढले. तिथे काय चाले? प्रौढांना अक्षरे शिकवणे, आणि स्पृश्य-अस्पृश्यांना एका पंगतीत जेवायला बसवणे. पत्नी सरस्वती गोरा याही तितक्याच खंबीर. १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास पत्करला. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले लवणम्. म्हणजे मीठ! भाऊजींनाही हे नाव आवडले.

गोरांनी गांधीजींना पत्र लिहून देव या शब्दाचा अर्थ विचारला होता. पुढे भेटीची परवानगीही मागितली. प्रथम ती मिळाली नाही. अखेर १९४४ च्या नोव्हेंबरात हे नास्तिक गृहस्थ सेवाग्रामला आले. गांधीजींनी हसत विचारले की देव नसलेल्या माणसाशी मी बोलावे तरी काय? गोरांनी तितक्याच हसत उत्तर दिले, मी देव नसलेला नव्हे, मी नास्तिक आहे.

आपल्यापैकी कोणी असते तर म्हणाले असते, दोन्ही एकच की! गांधीजी तसे म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, या दोहोंत आपण काय फरक करता? गोरांच्या उत्तराचा आशय असा की देव नाकारणे हे केवळ नकाराचे काम आहे. त्या नकारानंतर माणसाच्या जगण्याला जी अवस्था येते, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची, ती ठामपणे मांडणे म्हणजे नास्तिकता. आपण मघाशी दोन पाट्या पाहिल्या, एक कोरी आणि एकीवर 'नाही' लिहिलेली. गोरा म्हणत होते, नुसते 'नाही' लिहून भागत नाही. त्याखाली पुढे काय लिहिता ते सांगा.

स्वतः त्यांनी काय लिहिले? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते कलकत्त्याला होते. मिठाईच्या आणि फळांच्या दुकानांशेजारी माणसे भुकेने मरून पडलेली त्यांनी पाहिली. त्यांचे म्हणणे असे की मरणाऱ्याने हे आपले नशीब मानले आणि पाहणाऱ्यानेही ते त्याचेच नशीब मानले. दोघांनीही भार देवावर टाकला. नास्तिकाला भार टाकायला कोणी नाही, म्हणून शेजाऱ्याची भूक ही त्याचीच जबाबदारी ठरते.

हा युक्तिवाद सर्वांना पटेल असे नाही. देव मानणारे कितीक जण त्याच दुष्काळात लोकांना जेवू घालत होते, आणि खुद्द ऐकणारा माणूसच परचुरे शास्त्र्यांची सेवा करणारा होता. पण त्या ऐकणाऱ्याने हे बोलून दाखवून वाद जिंकला नाही. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असे मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्य शोधणारे आहोत, अशा आशयाचे तो बोलला. गांधीजींना हे अवघडही नव्हते. १९३१ सालीच त्यांनी आपले वाक्य उलटे केले होते. 'ईश्वर सत्य आहे' याऐवजी 'सत्य हाच ईश्वर' असे ते म्हणू लागले होते, कारण देव नाकारणाराही सत्य नाकारीत नाही. १८९१ साली, विद्यार्थी असताना, ते चार्ल्स ब्रॅडलॉ या प्रख्यात इंग्रज नास्तिकाच्या अंत्यविधीला आवर्जून गेले होते.

आणि मग लग्न. होय, या गोष्टीतही लग्न आहे. गोरांनी आपली थोरली मुलगी मनोरमा हिचे लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी करायचे ठरवले. उतारवयात गांधीजी वधूवरांपैकी एक जण दलित असेल अशाच लग्नांना आशीर्वाद देत. हे लग्न सेवाग्रामला व्हावे असे ठरले. अडचण एकच होती, वधूपिता ईश्वराचे नाव घेऊ देणार नव्हता. गांधीजींनी मान्य केले की विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यावे. पुढे ३० जानेवारी १९४८ ला त्यांचा खून झाला. तरी ठरल्याप्रमाणे मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच ते लग्न लागले.

माझी गोष्ट संपली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाऊजी लेकीला म्हणाले, कित्येक दिवसांनी थेट तिलाच, "तू म्हणतेस देव नाही. कशावरून?"

"बाबा, देव नाही असं मी कधी म्हटलं?"

"विश्वास नाही म्हणालीस."

"हो. तुम्हाला पूजेत जे जाणवतं ते मला जाणवत नाही, एवढंच. लहानपणी तुमच्याशेजारी बसून मी खूप वाट पाहिली. नाही जाणवलं. 'नाहीच आहे' असं सांगायला मी कोण?"

"मग दोन मंत्र म्हणायला काय हरकत? नुकसान तर नाही!"

"तुम्हीच शिकवलंत ना, जे मनात नाही ते तोंडाने बोलू नये. अग्नीपुढे उभं राहून पहिलंच बोलायचं ते खोटं बोलू?"

भाऊजी गप्प झाले. पण हे गप्प बसणे घरातल्यासारखे नव्हते. मुलगी आपल्या देवाला खोटा ठरवते, या दुःखात हा बाप इतके दिवस होता. तिने तसे म्हटलेच नव्हते. तिने आपली पाटी कोरी आहे एवढेच कबूल केले होते, आणि ती खोट्या अक्षरांनी भरायला नकार दिला होता. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, "चल, गार वारं सुटलंय. शाल घे."

लग्न वैशाखात झाले. नोंदणी पद्धतीने सह्या झाल्या, आणि मग सप्तपदी झाली. सात पावलांना सात वचने, वधूवरांनी एकमेकांना मराठीत दिलेली. ती लिहून दिली भाऊजींनी. त्यांनी स्वतः पहाटे देवापुढे बसून आपली यथासांग पूजा केली होती. काही नातेवाईक कुरकुरले. जेवण चांगले होते, त्यामुळे कुरकुर पंगतीपर्यंतच टिकली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एकटाच विजयवाड्याला गेलो. सेवाग्राम स्टेशनावरून बल्लारशा, वरंगळ करीत जाणाऱ्या गाडीत बसले की रातोरात कृष्णाकाठी पोचता येते. मुदुनूरचे नास्तिक केंद्र १९४७ साली तिथे आले. आजही ते बेंझ सर्कलच्या आसपास, पटमटा भागात आहे. 'नास्तिक केंद्र' म्हटल्यावर दाराशीच कोणी वाद घालायला उभे असेल असे वाटते. तसे काही नाही. गोरा १९७५ साली गेले, सरस्वतीबाई २००६ साली. पण घराण्याचे काम चालले. १९६९ साली निघालेल्या इथल्या महिला संस्थेचे नाव आहे वासव्य. वास्तविकता, संघदृष्टी आणि व्यक्तित्व यांच्या आद्याक्षरांचे. निखाऱ्यांवरून कोणालाही चालता येते, त्याला अंगात येण्याची गरज नाही, हे या मंडळींनी लोकांना करून दाखवले. लवणम् तर विनोबांच्या भूदानयात्रेत त्यांचे दुभाषी होते. पवनारच्या त्या परमभक्ताचे शब्द तेलुगूत पोचवायला नास्तिकाचा मुलगा, स्वतः नास्तिक! त्यांच्या पत्नी हेमलता या तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांच्या कन्या. इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या स्टुअर्टपुरमच्या लोकांत या दांपत्याने वर्षानुवर्षे काम केले. 'नाही'च्या खाली पुढे काय लिहायचे, ते या घराने असे लिहिले आहे.

आपल्या महाराष्ट्रातही ही तिसरी वाट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माबाबत तटस्थ राहत आली. तिचा विरोध देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला. तरीही त्यांना 'देव बुडवायला निघालेले' म्हणणारे निघालेच, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. शब्दांतला फरक न ऐकण्याची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

२०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात काहीच न सांगणारे २८ लाखांहून अधिक लोक होते, आणि आपण नास्तिक असे स्पष्ट लिहवून घेणारे अवघे ३३ हजारांच्या घरात. जनगणनेच्या कारकुनाने हे वेगळे मोजले, ही मोठी गोष्ट केली. आपण घरात मात्र सगळ्यांची एकच मोट बांधतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा घरोघरी लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल. झेंडू, लाह्या, बत्तासे, वहीवर काढलेले स्वस्तिक. एखाद्या घरात कोणी मुलगा, कोणी सून, कोणी आजोबासुद्धा, जरा बाजूला बसलेले असतील. त्यांना पाटावर ओढू नये आणि त्यांच्यावर रागावूही नये. फराळाच्या वेळी शेजारी बसून विचारावे, "तुला जाणवत नाही, का तुला नाही असंच वाटतं? आणि वाटत असेल तर त्यापुढे तुला काय करावंसं वाटतं?" उत्तर तीनपैकी कोणतेही येवो, चकलीचे ताट मधे ठेवून ते पुरते ऐकावे.